रयतेची उदासीनता कीं दफ्तराचें मौन? : महिकावतीच्या बखरीच्या प्रस्तावनेंतील एका सिद्धान्ताचें परीक्षण

कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं महिकावतीची बखर संपादून १९२४ सालीं छापली, त्यास शंभर वर्षें उलटून गेलीं. मूळ ग्रंथापेक्षां प्रस्तावनेचाच बोलबाला अधिक व्हावा, हा राजवाड्यांच्या संपादनांचा नेहमींचा प्रकार येथेंही घडला. बखरींतील शकांचा मेळ, बिंब राजाचा काल, कुळांच्या वंशावळी हे वादाचे विषय प्रस्तुत लेखांत घेतलेले नाहींत. येथें प्रस्तावनेंतील एकच सिद्धान्त तपासावयाचा आहे. तो थोडक्यांत असा : हिंदुस्थानांतील सामान्य गांवकरी राज्यकर्त्यांच्या उलाढालींविषयीं मूलतःच उदासीन होता. अन्न सुलभ, गरजा थोड्या, गांव आपल्यापुरता पुरा. त्यामुळें सरकार ही वरून येऊन बसणारी व वसूल घेऊन जाणारी एक उपरी संस्था, ती कोणाच्या हातीं आहे याचें त्यास सोयर नव्हतें व सुतकही नव्हतें.

राजवाड्यांच्या लेखणीचा जोर असा कीं, हा सिद्धान्त आतां सिद्धान्त म्हणून कोणी सांगत नाहीं. तो गृहीत धरून पुढें चालतात. तोच आज कां उकरून काढावा, असें कोणी विचारील. कारण असें कीं, ज्या साष्टीची ही बखर, त्याच साष्टीच्या उत्तर टोंकास, मिरा-भाईंदर येथें, ८ जुलै २०२५ रोजीं मनाई असतां मोर्चा निघाला, पहांटेस धरपकडी झाल्या, आणि रस्त्यावर माणसांची रीघ लागली. त्यानंतर जी चर्चा माजली तींत दोन्ही पक्षांच्या मुखीं राजवाड्यांचाच सिद्धान्त, त्यांचें नांवही न घेतां, होता. एक म्हणे, एरव्हीं स्वस्थ असलेल्या लोकांस कोणीतरी चिथावलें. दुसरा म्हणे, निजलेला समाज एका दिवसांत जागा झाला. दोघांसही आदला काळ कोराच दिसतो. तो खरोखरच कोरा होता काय, हा प्रश्न राजकारणाचा नसून साधनचिकित्सेचा आहे, आणि म्हणून या त्रैमासिकांत त्यास जागा मागणें वावगें होणार नाहीं अशी आशा आहे.

प्रथम बखरीचीच साक्ष घेऊं. तिच्या जुन्या प्रकरणांचा कर्ता केशवाचार्य. काल शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८. नायकोराव नांवाच्या देसल्यास देवीचा दृष्टांत होतो, आणि त्यास अनुसरून लोकांस जमवून केशवाचार्यांच्या मुखें त्यांस महाराष्ट्रधर्म ऐकविण्याचा उद्योग तो आरंभितो. दृष्टांताचा भाग भाविकांसाठीं सोडून देऊं. मागें जें राहतें तें असें : वरचें राज्य परक्यांच्या हातीं गेलेलें, ज्यापुढें गाऱ्हाणें मांडावें असा स्वकीय अधिकारी उरलेला नाहीं, अशा वेळीं एक वतनदार उठतो, माणसें गोळा करतो, आणि कोण कोणत्या कुळाचा, कोणाचा आचार कोणता, याची उजळणी करवून ती लिहवून घेतो. ज्यास राज्याचें सुखदुःख नाहीं तो हा खटाटोप कशास करील? यावर राजवाड्यांचें उत्तर ठरलेलें असतें कीं, हे मूठभर वतनदार. खालची रयत यांत कोठें आहे? उत्तर बिनतोड वाटतें खरें. परंतु खालची रयत बखरींत नाहीं यावरून ती प्रसंगांतही नव्हती असें निघत नाहीं. इतकेंच निघतें कीं बखरकारास तिची गरज वाटली नाहीं.

येथेंच खरी मेख आहे. राजवाड्यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून कागद गोळा केले, आणि त्या कागदांत रयत बोलतांना आढळली नाहीं म्हणून ती मुकी होती असा निर्णय दिला. परंतु आपल्या पेट्यांत काय टिकतें याचा हिशेब प्रत्येक संग्राहकानें एकदां प्रामाणिकपणें करून पाहावा. सनदा, इनामपत्रें, निवाडपत्रें, महजर, वतनाच्या तंट्यांतले करीने, जमाबंदीचे ताळे. हे राहिले याचें कारण उघड आहे. जो कागद दाखविल्यानें कांहीं पदरांत पडतें, तो तीन पिढ्या पेटींत राहतो. वाळवीपासून, पावसापासून, भाऊबंदांपासून त्याचें रक्षण होतें. फेटाळलेला अर्ज कोण जपणार? ज्याचें गाऱ्हाणें मान्य झालें त्याच्या घरीं हुकूम राहिला व अर्ज गेला. ज्याचें अमान्य झालें त्याच्या घरीं दोहोंपैकीं कांहींच राहिलें नाहीं. म्हणजे आपला संग्रह हा ऐकलेल्यांचा संग्रह आहे. न ऐकलेले त्यांत असावयाचे कसे?

तरीही ते अगदींच नाहींत असें नाहीं. ते उलट बाजूनें वाचावे लागतात. कौलनामा घ्या. हा कागद आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. परागंदा झालेल्या कुळांस अभय देऊन, आरंभीं हलक्या साऱ्यावर व मग वर्षावर्षानें चढत जाणाऱ्या इस्ताव्यानें पुन्हां लावणीस आणण्यासाठीं तो दिला जाई. आजवर असे कौल बहुधा राज्यकर्त्याच्या प्रजावात्सल्याचा पुरावा म्हणून छापले गेले. वास्तविक पुष्कळ कौल हे एका भांडणाचे शेवटचे कागद आहेत. अगोदर मामलेदाराकडे रदबदली, मग पाटलाची हुजूरपर्यंत पायपीट, आणि कोणीच दाद घेत नाहीं असें पाहून एका रात्रींत गुरेंढोरें व भांडींकुंडीं घेऊन शेजारच्या परगण्यांत निघून जाणें. त्यानंतर वसूल बुडाला तेव्हां सरकारास जाग येऊन कौल निघतो. पहिल्या दोन पायऱ्यांचे कागद नाहींसे झाले, तिसरीचा कागद कधीं झालाच नाहीं, आणि चवथीचा मात्र शिक्क्यासह शाबूत आहे. दुष्काळानें किंवा स्वारीनें उठून गेलेल्या गांवांचे कौलही असतात, हें विसरून चालणार नाहीं. प्रत्येक ओस गांवांत रयतेची तक्रार पाहणें हा राजवाड्यांच्या चुकीचा उलटा अवतार होईल. परंतु कौलांत जेथें मागील कमाविसदाराच्या जाजतीचा उल्लेख येतो किंवा नवी पट्टी माफ केल्याचें लिहिलें असतें, तेथें गांव कशामुळें उठला हें सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरा उपाय धरण्याचा. ऋणको दाद देत नाहीं म्हणून धनको त्याच्या दाराशीं उपाशी बसे. पगार थकला म्हणून शिलेदार व शिबंदी सरदाराच्या किंवा कारभाऱ्याच्या वाड्यापुढें बसत, आणि आंतल्याचें बाहेर जाणें व जेवणखाण अवघड करीत. उत्तर पेशवाईंत हें इतकें नित्याचें झालें होतें कीं, त्या काळच्या पत्रव्यवहारांत धरण्याचा उल्लेख पाऊस-पाण्याच्या बातमीसारखा सहज येतो. यांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. धरणें धरणारा राज्य उलथूं पाहत नाहीं. ज्याच्यापाशीं त्याचें येणें आहे त्याच्याच दाराशीं तो बसतो. तो अडथळा करतो, पण अडथळा ज्यास करावयाचा त्यासच करतो, आणि पहिला उपास स्वतःस घडवितो. त्राग्यांत हा तोल सुटे आणि रक्त सांडे; तो निराळा व निंद्य प्रकार होता.

इंग्रजी अंमलानें या दोहोंची वासलात एकाच कलमांत लावली. १८६० च्या दंडसंहितेचें ५०८ वें कलम ईश्वरी कोपाची भीति घालून एखाद्याकडून काम करवून घेणें हा गुन्हा ठरवितें, आणि त्याच्या उदाहरणांत दाराशीं बसणारा मनुष्यच दिला आहे. त्या अर्थाचें कलम १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही ३५४ व्या अंकाखालीं आहे. कायदेकारांनीं त्रागा बंद केला हें चांगलेंच केलें. पण जुन्या काळीं गाऱ्हाण्याची शेवटची पायरी म्हणून जें मान्य होतें, तें एकदां गुन्हा ठरलें म्हणजे तें ज्या कागदांत येतें तेही बदलतात : पूर्वीं तें हिशेबाच्या वा निवाड्याच्या कागदांत येई, पुढें फौजदारीच्या कागदांत येऊं लागलें. अभ्यासक फौजदारीचे कागद वाचतो आणि म्हणतो, येथें दंगा झाला. दंगा या शब्दाची निपज पुष्कळ वेळां अशी आहे.

मिठाचें उदाहरण या दृष्टीनें बोलकें आहे, आणि भाईंदरच्या मिठागरांमुळें तें आमच्या विषयास जवळचेंही आहे. मुंबई इलाख्यांत मिठावरील कर मणास आठ आणे होता. शहरांच्या जकाती उठविल्या त्याची भरपाई म्हणून १८४४ सालीं तो एकदम एक रुपया केला. ज्यास जकातींतून फारशी सूट मिळाली नव्हती त्या गरिबाच्या हंडींतल्या मिठावर हा बोजा पडला. ऑगस्ट १८४४ च्या अखेरीस सुरतेस लोक बिथरले, दुकानें बंद झालीं, जमाव कचेऱ्यांवर चालून गेला, लष्कर आणावें लागलें. त्यानंतर कर बारा आण्यांवर आला. आतां हा प्रसंग ग्रंथांत शोधूं गेलें तर तो ‘सुरतेचा मिठाचा दंगा’ म्हणून सांपडतो. ज्या चार आण्यांनीं कर उतरला ते चार आणे संबंध इलाख्यास मिळाले. भाईंदरच्या आगरावर राबणाऱ्या आगऱ्याच्या आणि मुंबईच्या पाटीवाल्याच्या पदरांतही ते पडले. परंतु सुरतकरांचें नांव दंग्यापुरतें राहिलें, सवलतीच्या खात्यावर चढलें नाहीं. दफ्तराची ही रीतच आहे : दंगा लोकांच्या नांवें मांडावयाचा व सूट सरकारच्या.

याहून मोठें व अधिक अभ्यासिलेलें उदाहरण १८७५ चें. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि सावकारांकडे खतांची मागणी झाली. पुढें कांहीं आठवडे पुणें व नगर या जिल्ह्यांतील गांवोगांव हेंच होत राहिलें. सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें आणि त्याचा अहवाल पुढील वर्षीं तयार झाला. या अहवालाचा आदर केला पाहिजे. चौकशी करणारांनीं मूळ कारणें शोधण्याचा मनापासून यत्न केला आहे, आणि जमावाचा रोख खतें हस्तगत करून नष्ट करण्याकडे होता, खतें निमूट दिलीं तेथें सहसा मारहाण झाली नाहीं, हें त्यांनीं स्वतः नमूद केलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास आलेला भाव युद्ध संपतांच बसला, तरी भीमथडी-इंदापुराकडील तालुक्यांत सारा मात्र नव्या पाहणीनें चढला. सावकार दिवाणी न्यायालयांतून एकतर्फी हुकूमनामे काढीत होता. पुणें सार्वजनिक सभेनें १८७३ सालींच शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून ती प्रसिद्ध केली होती. म्हणजे सुप्याच्या बाजाराआधीं दोन वर्षें हें सर्व छापील कागदावर आलेलें होतें. ऐकणाराच्या कानांपर्यंत तें पोंचलें तें कागद जळल्याच्या धुरावाटे.

कागद जळाले हें वाचून आपल्यासारख्यांच्या पोटांत कालवतें, हें कबूल. प्रस्तुत लेखकासही त्या खतांच्या मोडी लेखनाविषयीं हळहळ वाटते. परंतु कुणब्यानें जाळलें काय? ज्या कागदांत त्याची निशाणी होती पण शब्द नव्हता, तो कागद. नांगराची निशाणी केलेला तो दस्तऐवज त्यास वाचतां येत नव्हता, आणि न्यायाधीश त्याबाहेरचें कांहीं ऐकून घेण्यास बांधलेला नव्हता. १८७९ च्या दख्खन शेतकरी सहाय्य कायद्यानें यांतलें मर्म बरोबर पकडलें. खतांची नोंदणी गांवपातळीवर व्हावी असें त्यानें ठरविलेंच, पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे न्यायालयानें खतावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, हिशेब पहिल्यापासून उलगडावा, असा दंडक घातला. खत हा व्यवहाराचा शेवटचा आंकडा आहे, इतिहास नव्हे, असें कायदाच म्हणूं लागला. जी सावधगिरी त्या कायद्यानें मुन्सफास शिकविली ती राजवाड्यांनीं आपल्या सिद्धान्तापुरती तरी पाळली असती तर बरें झालें असतें.

येथें राजवाड्यांच्या बाजूनें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हीं सारीं उदाहरणें कराचीं, कर्जाचीं, मिठाचीं. राज्य कोणाचें असावें याविषयीं यांत अवाक्षर नाहीं. मग उदासीनतेचा सिद्धान्त खोटा कसा? यास आमचें उत्तर असें कीं, सिद्धान्त अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळेंच तो अधिक फसवितो. सिंहासनावर कोण बसला याविषयीं रयत उदासीन होती, हें बव्हंशीं खरें. साष्टी पूर्वीं पोर्तुगेजांकडे होती, १७३७-३९ च्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांकडे आली, डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडेच राहिली. पन्नास वर्षांच्या आंत तीन झेंडे पाहिलेल्या खारभूमीवरच्या कुळानें प्रत्येक झेंड्यासाठीं रडावें अशी अपेक्षा करणें चुकीचें. परंतु आपल्या बांधाचें, आपल्या मिठाचें, आपल्या सरपणाचें काय होणार याविषयीं तें कूळ कधींही उदासीन नव्हतें. राजवाड्यांनीं राज्याविषयींची बेपर्वाई व राज्यकारभाराविषयींची बेपर्वाई या दोन वस्तु एक केल्या. पहिली असणें शहाणपणाचें असूं शकतें. दुसरी असल्याचा पुरावा प्रस्तावनेंत नाहीं.

ठाणें जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर १८८५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या जंगल चौकशी मंडळाचा अहवाल येथें साक्षीस आहे. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांचा विचार करण्यासाठींच तें नेमलें गेलें, आणि १८८७ त त्याचें काम छापून निघालें. राबासाठीं पालापाचोळा, चुलीसाठीं काटक्या, घरासाठीं वांसा. राखीव जंगलाच्या नियमांनीं या सर्वांवर टांच आणली होती. इतकें मंडळ नेमावें लागलें, त्या अर्थीं त्यापूर्वीं गाऱ्हाणीं किती झालीं असतील! उदासीन लोकांसाठीं सरकार चौकशी मंडळें नेमीत नसतें. आमच्या संशोधकांनीं गॅझेटिअरचा ठाण्यावरचा १८८२ चा खंड लेणीं, किल्ले व जातींची माहिती यांसाठीं पानापानानें उपसला. पण पांच वर्षांनीं आलेल्या या अहवालाकडे त्या मानानें फारच थोड्यांचें लक्ष गेलें. एकांत जिल्हा दिसतो, दुसऱ्यांत जिल्हा बोलतो.

मिरा-भाईंदरचा आपला असा एक जुना कागद आहे. १८७० सालीं सरकारनें भाईंदर, मिरें व घोडबंदर या गांवांचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांच्या मुदतीनें करून दिला. नऊशें नव्याण्णव वर्षें! मराठेशाहीची अवघी कारकीर्द ज्यांत पांच वेळां बसेल, इतक्या काळासाठीं तीन गांवांची जमीन एका लेखणीच्या फटकाऱ्यानें बांधली गेली. हा करार सरकार आणि पट्टेदार या दोघांमधला. जीं कुळें तेथें पिढ्यान् पिढ्या खाजणें राखून भात पिकवीत आलीं होतीं तीं या करारांत पक्षकार नाहींत. तीं जमिनीबरोबर गेलीं. पुढें हा हक्क एका खासगी कंपनीकडे आला, आणि जमिनीवर कांहीं करावयाचें तर तिची ना-हरकत लागते कीं नाहीं हा वाद स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालला. साष्टीतील इस्टेटींच्या साऱ्याच्या माफीविषयीं १९५१ सालीं स्वतंत्र कायदा झाला, तरी भाईंदरची गुंतवळ त्यानें एका झटक्यांत सुटली नाहीं. येथें आमच्या मुद्द्याची कसोटी लागते. पट्टा उपलब्ध आहे, न्यायालयांचे निवाडे छापलेले आहेत. दीडशें वर्षांत या गांवांतून निघालेले अर्ज कोठें आहेत?

आतां २०२५ च्या प्रसंगाकडे. तो ताजा आहे, त्याविषयीं मनें तापलेलीं आहेत, आणि संशोधनपत्रिकेनें त्यापासून दूर राहावें असें म्हणणारे असतील. परंतु ज्या रीतीनें आपण १८७५ वाचतों त्याच रीतीनें आजचें वाचून पाहिल्याशिवाय ती रीत खरी कीं खोटी हें कळावयाचें कसें? घटनांचा क्रम असा. १६ एप्रिल २०२५ रोजीं राज्य सरकारनें मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनीं मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून विरोध कळविला, आणि या बाबतींत समितीस विचारलें गेलें नाहीं हें दाखवून दिलें. १७ जूनला शब्द मवाळ करणारा दुसरा निर्णय आला. लेखकांनीं, शिक्षकांनीं, पालकांनीं पत्रकें काढलीं. ५ जुलैला मुंबईंत मोठा मोर्चा निघणार असें जाहीर झालें, आणि २९ जून रोजीं दोन्ही निर्णय मागें घेतले गेले. सल्ला देण्यासाठींच नेमलेल्या समितीचें पत्र जें करूं शकलें नाहीं तें न निघालेल्या मोर्चानें केलें. हा क्रम पाठोपाठचा आहे; पाठोपाठ घडलें म्हणून एकामुळें दुसरें घडलें असें म्हणतांना संशोधकानें जीभ चावली पाहिजे. परंतु लोकांनीं यावरून काय धडा घेतला असेल हें सांगण्यास पुराव्याची वाण नाहीं.

त्याच सुमारास, जूनच्या अखेरीस, मिरा रोड येथें एका दुकानदारास मराठी बोलण्यावरून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनीं मारहाण केली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनीं दुकानें बंद ठेवून निषेधाचा मोर्चा काढला. ८ जुलैला उलट मोर्चा मनसे व मराठी एकीकरण समिती इत्यादि संघटनांनीं ठरविला. ठरल्या मार्गास पोलिसांनीं परवानगी नाकारली. पक्षाचे नेते अविनाश जाधव यांस पहांटेच्या सुमारास ताब्यांत घेतलें. दिवसभर धरपकड चालली. तरी माणसें येतच राहिलीं, आणि शेवटीं मोर्चा मिरा रोड स्थानकाकडे गेला. मंत्री प्रताप सरनाईक तेथें आले असतां त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या व त्यांस परतावें लागलें. मार्गाविषयीं आग्रह धरल्यामुळें परवानगी नाकारली गेली, असें मुख्यमंत्र्यांनीं सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पोलीस आयुक्तांची बदली झाली.

या एका आठवड्याच्या हकीकतींत तीन निरनिराळ्या जातीचीं कृत्यें एकमेकांत मिसळलीं आहेत, आणि तीं वेगळीं काढणें हेंच चिकित्सकाचें काम. दुकानदारास मारणें हें धरणें नव्हे. ज्याच्यापाशीं येणें नाहीं त्याच्या दाराशीं तें वसूल केलें गेलें. शाळेंत कोणती भाषा शिकवावी किंवा कचेरींत कोणती चालावी हें त्या मनुष्याच्या हातीं नव्हतें. सुप्याच्या सावकारापाशीं निदान खत होतें; याच्यापाशीं काय होतें? १८७५ च्या कुणब्यांस जी सूट आपण देतों ती येथें देतां येत नाहीं, आणि सामर्थ्यवान पक्षाचे कार्यकर्ते हे अर्ज करून थकलेली रयतही नव्हेत. ३ जुलैचा बंद हा उलट शुद्ध जुन्या पद्धतीचा. सुरतेच्या वाण्यांनीं १८४४ त हेंच केलें होतें. ८ जुलैचा मोर्चा मात्र दुहेरी आहे. बोलावणारे पक्षाचे होते, पण दुपारीं जे लोटले त्यांतील बहुतांचें गाऱ्हाणें निराळें व सोपें होतें : त्यांस चालूं दिलें, आम्हांस कां नाहीं? हें गाऱ्हाणें भाषेचें नव्हे, समदृष्टीचें आहे. मनाई झाली नसती तर तें कदाचित् उत्पन्नही झालें नसतें. सरकारी हुकूमच पुष्कळ वेळां जमाव गोळा करतो, हें सुरतेसही दिसलें होतें.

आणि तरीही पन्नास वर्षांनीं या प्रसंगाचें साधन म्हणून काय उरेल? मनाईचा हुकूम, गुन्ह्याच्या नोंदी, बदलीचा आदेश. पक्षांचीं निवेदनें. दुपारीं रस्त्यावर आलेल्या साध्या माणसाचें म्हणणें यांपैकीं एकाही कागदांत नसेल. मग एखादा भावी राजवाडे हे कागद जमवील व लिहील कीं, मिरा-भाईंदरची जनता सामान्यतः उदासीन असून जुलै २०२५ मध्यें तींत क्षणिक क्षोभ उत्पन्न झाला. त्याचा दोष फारसा असणार नाहीं.

याकरितां एक विनंती वाचकांस करावयाची आहे, आणि ती अगदीं व्यावहारिक आहे. भाईंदर, मिरें, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धें, मोरवें, डोंगरी, उत्तन या गांवांत ज्यांचा संबंध आहे त्यांनीं तेथील जुन्या आगरी, कोळी, वाडवळ व ख्रिस्ती घरांतून चौकशी करावी. सनदा तूर्त राहूं द्या. त्या बहुतेक पाहून झालेल्या आहेत. १८७० च्या पट्ट्यानंतर खाजणाच्या बांधाविषयीं, साऱ्याविषयीं, मिठागरांविषयीं मामलेदार, कलेक्टर अथवा पट्टेदार यांस केलेल्या अर्जांच्या नकला, मग त्या मोडींत असोत, बाळबोधींत असोत कीं टंकलिखित असोत, मिळाल्यास त्यांचे फोटो घ्यावे. फाटलेल्या, अर्धवट, निकालाविना राहिलेल्या प्रतीही टाकूं नयेत. २०२५ सालचीं हस्तपत्रकें व सोसायट्यांचे अर्जही आतांच जमवावे. तीं मोडीपेक्षां लवकर नष्ट होतात. एक गोष्ट विशेष संभाळावी : अर्जाची पाठची बाजू अवश्य टिपावी. शेरा, असला तर, तेथें असतो, आणि अर्जाची तारीख व शेऱ्याची तारीख यांत किती महिन्यांचें अंतर आहे हें तेथूनच मोजतां येतें.